सहावा रकाना

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा अर्ज मुलांना पुष्कळ काही विचारतो. दहावीचा बैठक क्रमांक, आरक्षणाचा प्रवर्ग, इनहाउस कोटा, कॉलेजांचा पसंतिक्रम, सायन्स की कॉमर्स की आर्ट्स. मुंबईत २००९ साली सुरू झालेली ही पद्धत २०२५मध्ये साऱ्या राज्यात आली. पण सायन्सला प्रवेश मिळालेलं मूल पुढची दोन वर्षं नेमके कोणते विषय शिकणार, हे अजूनही कॉलेजातल्या एका टेबलावर ठरतं. यादी लागल्यापासून प्रवेश निश्चित करायची मुदत संपेपर्यंत जे थोडे दिवस मिळतात, त्यांत. मागं रांग असते, हातात मूळ गुणपत्रिका आणि एलसी असते, आणि सोबत आलेल्या वडिलांनी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढलेली असते. त्या टेबलाच्या आतल्या बाजूला मी बरीच वर्षं बसते आहे. एरवी फिजिक्स शिकवते, प्रवेशाच्या दिवसांत प्रवेश समितीवर असते. तिथं जे घडतं ते बाहेरून दिसत नाही, म्हणून हे किस्से सांगायचे.

आमच्या फॉर्मवर विषयांचे सहा रकाने असतात. पर्यावरण आणि शारीरिक शिक्षण त्यांच्या बाहेर. पहिल्या रकान्यात इंग्रजी छापलेलंच असतं. दुसऱ्यात दुसरी भाषा, किंवा तिच्याऐवजी आयटी. मग फिजिक्स, केमिस्ट्री. पाचव्यात घरानं आधीच ठरवलेला विषय येतो. इंजिनिअरिंगचा विचार असेल तर मॅथ्स, मेडिकलचा असेल तर बायोलॉजी. उरतो सहावा. जवळजवळ सगळे वाद, सगळी रडारड आणि सगळ्या शिफारशी या सहाव्या रकान्यापाशी होतात.

दर वर्षी कुणीतरी वडील खुर्चीवर बसता बसताच सांगतात, "मॅडम, आमच्या पोराला फक्त पीसीएम द्या. बाकी काही नको."

"मराठी ठेवायचं की आयटी?"

"आयटी."

"मग अजून एक विषय सांगा."

"अजून कशाला? सीईटीला तीनच तर लागतात."

"सीईटीला तीन लागतात. बोर्डाला सहा लागतात."

इथं पहिल्यांदा शांतता पसरते. 'पीसीएम' आणि 'पीसीबी' हे प्रवेश परीक्षांचे गट आहेत. बारावीची परीक्षा त्या गटांवर चालत नाही. क्लासच्या जाहिरातींनी ही दोन नावं इतकी घट्ट बसवली आहेत की सहा विषयांचा हिशेब घरात कुणी केलेलाच नसतो. तो आमच्यासमोर, रांग थांबवून होतो. आमच्या कार्यालयातले कारकून भाऊसाहेब मात्र विषयाचं नावसुद्धा घेत नाहीत. ते मंडळाच्या सांकेतिक क्रमांकांत बोलतात: "५४, ५५, ४० झालं. ५६ लिहू का?" बापाला ५६ म्हणजे काय हे कळत नाही, मुलाला विचारायचं धाडस होत नाही, आणि दोन वर्षांची बायोलॉजी एका होकारात लागून जाते.

सहावा रकाना टाळायचा एक राजमार्ग आहे. त्याचं नाव बायफोकल. दोनशे गुणांचा व्होकेशनल विषय घ्यायचा, की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय दोन्ही सुटतात. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, क्रॉप सायन्स, मत्स्यपालन असे विषय वेगवेगळ्या कॉलेजांत असतात. दोन पेपर, प्रत्येकी पन्नास गुणांची लेखी आणि पन्नासची प्रॅक्टिकल, म्हणजे निम्मे गुण प्रयोगशाळेत मिळणार. शिवाय इंजिनिअरिंगच्या पात्रतेत फिजिक्स-मॅथ्ससोबत केमिस्ट्रीच्या जागी व्होकेशनलचे गुण धरता येतात, ही गोष्ट मोठ्या भावंडांकडून कळलेली असते. त्यामुळे कॉम्प्युटर सायन्ससाठी स्वतंत्र गुणवत्ता यादी लावावी लागते आणि तिचा कट-ऑफ सायन्सच्याही वर जातो.

या विषयात शिकवतात काय, हे यादीतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस, एचटीएमएल. दुसऱ्यात मायक्रोप्रोसेसर, आणि तोही इंटेलचा ८०८५, १९७०च्या दशकातला. ॲप बनवायला मिळेल म्हणून आलेली मुलं ऑगस्टमध्ये हिरमुसतात. एका वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मराठी माध्यमातून आलेली एक मुलगी त्या बॅचमध्ये होती. तिनं तोवर स्वतःचा कॉम्प्युटर वापरलेला नव्हता. ८०८५च्या किटवर, बारीक कळा दाबत, तिनं दोन संख्यांची बेरीज करून उत्तर मेमरीत नेऊन ठेवलं आणि कॉम्प्युटरच्या मॅडमना विचारलं, "आतमध्ये फक्त एवढंच चालतं? मग बाकीचं सगळं कोण करतं?" मॅडमनी त्या दिवशीचं प्रॅक्टिकल बाजूला ठेवलं आणि फळ्यावर खालून वर, थरावर थर रचत, सगळा कॉम्प्युटर उभा केला. स्टाफरूममध्ये आल्यावर त्या म्हणाल्या, "हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता." जुना म्हणून हिणवला जाणारा तो प्रोसेसर ज्याला आतलं बघायचं आहे त्याच्यासाठी फार चांगला आहे. त्यात लपलेलं काही नाही. पण हे सांगायला प्रवेशाच्या टेबलावर कुणाला वेळ असतो?

कॉम्प्युटरची यादी भरून वाहते तेव्हा शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सची बॅच भरता भरत नाही. यामागची एक गोष्ट पालकांनी जाणून घ्यायला हवी. अनुदानित तुकडीवरच्या शिक्षकाचं पद कार्यभारावर टिकतं आणि कार्यभार विद्यार्थिसंख्येवर. बॅच कमी भरली की तासिका कमी होतात, तासिका कमी झाल्या की 'अतिरिक्त' ठरण्याची भीती. त्यामुळे टेबलापलीकडचा शिक्षक "बाळ, हा विषय घे" म्हणतो तेव्हा तो स्वतः कोणता विषय शिकवतो, हे बेलाशक विचारावं. सल्ला खोटाच असेल असं नाही. माझ्या सहकाऱ्यांपैकी बहुतेकांनी मुलांचं भलंच पाहिलं आहे. पण त्या सल्ल्यात नोकरीची काळजीही मिसळलेली असते, आणि ती लपवून ठेवण्यात कुणाचंच हित नाही.

आमचे इलेक्ट्रॉनिक्सचे सर या काळजीला ज्या रीतीनं सामोरे गेले, ती मला फार आवडली. एका प्रवेशाच्या मोसमात त्यांनी सीआरओ, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र, माइक आणि एक ब्रेडबोर्ड उचलून व्हरांड्यात रांगेशेजारी मांडला. कुणाला काही सांगितलं नाही. मुलं जवळ येत, माइकमध्ये "हॅलो" म्हणत आणि पडद्यावरची हिरवी रेघ उसळे. एकानं शिट्टी मारली तर गुळगुळीत लाटा उमटल्या, दुसऱ्यानं 'स्स्स' केलं तर नुसतं खरखरीत रान. "असं का होतं?" अशी मुलांची आपापसांतच चर्चा सुरू झाली. सरांनी तीनचार मुलांना बाजूला घेतलं आणि पाऊण तास ते त्या एकाच प्रश्नावर बोलत राहिले. त्या वर्षी बॅच पूर्ण भरली नाही. पण आलेली मुलं विषय मागून आली होती, आणि त्यांच्यातल्या कुणीही सहामाहीनंतर बदलाचा अर्ज दिला नाही. इतर विषयांत असं सहसा होत नाही.

विषयांच्या निवडीत सर्वांत मोठा वाटा ज्याचा असतो तो कागद मात्र मुलं कधी पाहत नाहीत. ते वेळापत्रक. आमच्याकडे मे महिन्यात दोन शिक्षक मोठ्या कागदावर पेन्सिल आणि खोडरबर घेऊन ते मांडत बसतात. बायफोकलच्या मुलाला भाषा आणि बायोलॉजी नसते, म्हणून व्होकेशनलचे तास नेमके भाषेच्या आणि बायोलॉजीच्या तासांवर बसवले जातात. त्याच वेळी दोन वर्ग, दोन खोल्या. हे सोयीचं आहे आणि दुसरा इलाजही नसतो. शिक्षक तेवढेच, प्रयोगशाळा तेवढ्याच, आणि प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये मुलं मावतील तेवढीच. पण याचा अर्थ असा की ज्याला बायोलॉजी आणि कॉम्प्युटर सायन्स दोन्ही शिकायचं आहे त्याला आम्ही "असं कॉम्बिनेशन नाही" म्हणतो. तो समजतो की विज्ञानातच हे दोन विषय एकत्र येत नाहीत.

असा एक मुलगा आला होता. जनुकांच्या माहितीवर कॉम्प्युटरनं काम कसं करतात याचं काहीतरी त्यानं पाहिलं होतं आणि त्याच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. भाऊसाहेबांनी नेहमीचं उत्तर दिलं. आई म्हणाली, "जाऊ दे, डॉक्टरच हो." मुलगा उठेना. मग मी त्याच्यापुढं रिकामा फॉर्म ठेवला आणि दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं आयटी घेता येतं, सहाव्यात बायोलॉजी राहते, मॅथ्सही सुटत नाही. सगळेजण सहाव्या रकान्यावर भांडत असतात आणि दुसऱ्यात काय लिहिलं याकडं बघत नाहीत. आयटी म्हणजे कॉम्प्युटर सायन्स नव्हे, हेही मी त्याला सांगितलं. लेखी परीक्षा ऑनलाइन ऐंशी गुणांची, प्रॅक्टिकल वीसचं, खोली कमी. पण दार बंद होत नाही.

त्या दुसऱ्या रकान्यात आयटी लिहिताना माझा हात दर वेळी थोडा अडखळतो, कारण तिथून मराठी जाते. २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली. अकरावीत सायन्सला आल्यावर ती सुटते, आणि सुटते ती बहुधा 'स्कोअरिंग' या एका शब्दापायी. ज्यांच्या घरी मराठीच बोलतात अशी चांगली वाचणारी मुलंही ती सोडतात. त्या जागी खरोखर आयटीची ओढ असेल तर माझं काही म्हणणं नाही. नुसत्या गुणांसाठी असेल तर मी अजूनही वाद घालते, रांग कितीही लांब असली तरी.

मुलं विषय का सोडतात, याची कारणं ऐकली की जीव तुटतो. "मॅडम, बेडूक कापावा लागेल का?" हा प्रश्न दर वर्षी येतो. आता प्राण्यांचं विच्छेदन अभ्यासक्रमात नाही. पण घरातल्या कुणीतरी आपल्या वेळची आठवण सांगितलेली असते आणि तेवढ्यावर बायोलॉजी बाद झालेली असते. मराठी माध्यमाच्या मुलांना स्पेलिंगची धास्ती वाटते. दहावीपर्यंत 'पेशी' म्हटलेलं मूल 'मायटोकॉन्ड्रिया' लिहिताना घामाघूम होतं. कारण अकरावीपासून सायन्स इंग्रजीतच शिकायचं. ही अडचण खरी आहे आणि दिवाळीपर्यंत बरीचशी ओसरते, हेही आम्ही दर वर्षी पाहतो. पण फॉर्म त्याच्या आधी भरायचा असतो.

मॅथ्सचं दुखणं वेगळं. एक मुलगी वडिलांसोबत आली. दहावीच्या गणितात ऐंशीच्या वर गुण. म्हणाली, "मला गणित झेपत नाही." वडिलांनीही मान डोलावली. मी विचारलं, शेवटचं कोणतं प्रकरण आवडलं होतं? थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "संभाव्यता." मग कळलं की नववीत कुणीतरी भर वर्गात तिला 'गणित तुझं काम नाही' असं सुनावलं होतं, आणि तेव्हापासून घरातही तेच धरून चालले होते. तिला जीवशास्त्रात पुढं शिकायचं होतं. तिला मी आयसर या विज्ञान संस्थांच्या प्रवेश चाचणीबद्दल सांगितलं. या संस्थांच्या चाचणीत बायोलॉजी, केमिस्ट्री, मॅथ्स आणि फिजिक्स, चारही विषयांचे पंधरा-पंधरा प्रश्न असतात. जीवशास्त्रज्ञ व्हायला निघालेल्या मुलीलाही तिथं गणित सोडवावं लागतं. तिनं मॅथ्स ठेवलं. बारावीला त्यात तिला बेताचेच गुण मिळाले, आयसरलाही ती गेली नाही. आज ती वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करते आहे आणि मध्यंतरी फोनवर जवळजवळ अर्धा तास प्रयोगाच्या आखणीतल्या संख्याशास्त्राबद्दल बोलत होती.

यावरून 'चारही घ्या, दोन्ही दारं उघडी ठेवा' असा सरसकट सल्ला मी देत नाही. पीसीएमबीचं ओझं ज्यांनी वाहिलं आहे त्यांनाच ते माहीत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचं जर्नल, त्यात मॅथ्सचंही प्रॅक्टिकल, आणि वर क्लास. सहामाहीनंतर बदलाचे अर्ज येतात ते बहुतेक याच मुलांचे. तालुक्याहून एसटीनं येणारा एक मुलगा दिवाळीनंतर मॅथ्स सोडायला आला. रोजचा प्रवास, इंग्रजी नवं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याला कृषी शाखेत जायचं होतं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांपैकी कुठंही पीसीबीवर जाता येतं, हे त्यानं स्वतः शोधून काढलं होतं. त्याच्या वर्गशिक्षकांना वाटत होतं की मुलगा हार मानतो आहे. मला तसं वाटलं नाही. त्यानं आपली ताकद आणि आपलं काम दोन्ही ओळखलं होतं. मी सही केली. अकरावीत हे कॉलेजातच मिटतं. बारावीत गेल्यावर प्रकरण मंडळाच्या विभागीय कार्यालयापर्यंत जातं, म्हणून शंका असेल त्यानं अकरावीतच बोलावं.

काही मुलांच्या बाबतीत मात्र बोलायला कुणी समोर नसतंच. एका दुपारी चार मुलांनी माझ्यापुढं चार चिठ्ठ्या ठेवल्या. विषय तेच, क्रम तोच, अक्षरही एकाच माणसाचं. क्लासमधून लिहून दिलेल्या होत्या. तिथं वर्षभर पूर्णवेळ शिकवणी आणि कॉलेजात फक्त नाव, अशी व्यवस्था असते. ती मोडायला सरकारनं २०१८ साली सायन्सच्या वर्गांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. अशा चिठ्ठीत दुसऱ्या आणि सहाव्या रकान्यात जो विषय सर्वांत कमी वेळ खाईल तोच लिहिलेला असतो. मी चौघांनाही विचारलं, "हा विषय काय आहे, माहीत आहे?" एकानंही होय म्हटलं नाही. चिठ्ठीप्रमाणे फॉर्म भरले गेले. पालकांची सही होती, मला अडवायचा अधिकार नव्हता. पण संध्याकाळी प्राचार्यांशी याबद्दल बोलले, आणि त्या बोलण्यातून पुढं काहीतरी निघालं. ते सांगतेच.

त्याआधी नियमांचं. मूल अकरावीत फॉर्म भरतं आणि त्याच्या निवडीचा खरा अर्थ दोन वर्षांनी ठरतो. मधल्या काळात नियम बदलतात. २०१६ साली २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं नीट घ्यायचा आदेश दिला. राज्याची सीईटी ५ मेला होती. दोन वर्षं राज्याच्या पुस्तकांवर तयारी केलेल्या बायोलॉजीच्या मुलांची त्या आठवड्यातली तोंडं मला आजही दिसतात. पुढं २४ मेला अध्यादेश निघाला आणि राज्यांच्या कोट्यातल्या जागांना त्या वर्षापुरती सवलत मिळाली. २०२१मध्ये एआयसीटीईनं इंजिनिअरिंगच्या पात्रतेसाठी चौदा विषयांची यादी दिली आणि पालक वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले: "आता मॅथ्सची गरज नाही ना?" सीईटीच्या पीसीएम गटात दोनशेपैकी शंभर गुण मॅथ्सचे असतात, एवढंच मी दाखवलं. २०२२मध्ये एनडीएत मुलींची पहिली तुकडी गेली. त्यानंतर गणवेशाची आस असलेल्या मुली टेबलावर येऊन विचारू लागल्या. लष्करासाठी कोणतीही शाखा चालते, हवाई दल आणि नौदलासाठी बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. आणि नोव्हेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून बायोलॉजी देणाऱ्यांनाही नीटसाठी पात्र ठरवलं. त्यानंतरच्या जानेवारीत आमची एक माजी विद्यार्थिनी त्या सूचनेची प्रत घेऊन आली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. मी तिला बायोलॉजीच्या सरांकडे नेलं. त्यांनी तिला आधी अकरावीचं पुस्तक घरी नेऊन वाचायला दिलं आणि म्हणाले, "पंधरा दिवसांनी ये. तेव्हाही हवंसं वाटलं तर मंडळाच्या फॉर्मचं बघू." ती दहाव्या दिवशीच आली.

प्राचार्यांशी झालेल्या त्या बोलण्यानंतर आम्ही एक बदल केला. प्रवेश निश्चित झाला तरी दुसरा आणि सहावा रकाना लगेच भरायचा नाही. मुलाला आधी सगळ्या प्रयोगशाळांतून फिरवायचं, एकेका ठिकाणी निदान एक प्रयोग स्वतःच्या हातानं करू द्यायचा, आणि विषयांचा कागद त्यानंतर, पालक बाहेर बसलेले असताना, मुलाकडूनच भरून घ्यायचा. सही पालकांचीच, पण नंतर. पहिल्या वर्षी पालकांनी तक्रारी केल्या, भाऊसाहेबांचं काम वाढलं, आणि दोन याद्यांच्या मधल्या दिवसांत आम्ही सगळे उशिरापर्यंत थांबलो. बदलाचे अर्ज त्या वर्षी दिवाळीनंतर आले, पण आधीपेक्षा कमी. एका मुलानं जिऑलॉजी मागितली. मंडळाच्या यादीत हा विषय आहे, आमच्याकडे शिक्षक नाही. त्याला शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजची चौकशी करून दिली. इलेक्ट्रॉनिक्सचे सर पुढच्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या जागी कुणी येईपर्यंत व्हरांड्यातला सीआरओ कोण चालवणार, हे अजून ठरायचं आहे. मी तो शिकून घेते आहे.